पथ्य पाळलं नाही

वर्तमानपत्रात हल्ली यकृत बदलल्याच्या बातम्या येतात. फोटोत डॉक्टरांची रांग, मधे खुर्चीत बसलेला पेशंट, त्याच्या हातात फुलांचा गुच्छ आणि वर ठळक अक्षरांत 'यशस्वी शस्त्रक्रिया'. तो शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, आई, लोकांचे जीव वाचतात त्यात तुला काय झोंबतं? जीव वाचतात त्याचा मला आनंदच आहे. पण यशस्वी कोणी ठरवलं, कधी ठरवलं आणि घरी गेल्यावर त्या माणसाचं काय झालं हे कोणी पाहिलं, एवढं मी विचारते. चोवीस वर्षं सर्जिकल वॉर्डात नोकरी केलेल्या बाईला एवढं विचारायचा हक्क आहे.

मी नागपूरचीच. जरीपटक्याच्या अलीकडे आमची वस्ती, वडील कापडगिरणीत. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वर्षी मी सातवीत होते. पोरीने शिकायचं, हे वडिलांनी दीक्षेच्या दिवशी मैदानावरून परत येतानाच ठरवून टाकलं होतं. मी नर्सिंगला गेले आणि पुढे सरकारी इस्पितळात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाची सिस्टर झाले. इंग्रजी मला वाचता येत होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला कोणी दया दाखवायला नको.

सत्तरच्या दशकात आमच्याकडे एक सर्जन आले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, मीही तेच म्हणते. धरमपेठेत घर, विलायतेत शिक्षण, हात असा की सर टाका कसा घेतात हे पाहायला शिकाऊ डॉक्टर स्टुलावर चढून उभे राहायचे. तिकडे परदेशात एकाचं यकृत काढून दुसऱ्याच्या पोटात बसवायला लागलेत, हे मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. एक दिवस हे नागपुरात करीन, असं ते राउंड संपल्यावर चहा पिताना म्हणत. त्यासाठी शनिवारी ते कुत्र्यांवर हात बसवत. मेडिकल कॉलेजच्या मागच्या बैठ्या इमारतीत कुत्र्यांचे पिंजरे होते, तिथे अवजारं मांडायला कधी कधी मलाही बोलावणं येई.

यकृत बदलणं तेव्हा दूरच होतं. पण त्याच्या जवळचं एक ऑपरेशन सर करू लागले होते. पोटातून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर असते. यकृत आजारी पडलं किंवा त्या शिरेत अडथळा आला की रक्त तुंबतं, अन्ननळीच्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. माणूस घमेलंभर रक्त ओकतो. आमच्या वॉर्डात असे पेशंट नेहमी यायचे. लोकांना वाटायचं, दारू पीत असणार. पण कितीतरी जण दारूला शिवलेलेही नसत. सर ती तुंबलेली शीर कापून शेजारच्या मोठ्या शिरेला जोडून देत. रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाई, ताण उतरे, उलटी बंद.

आता यात मेख अशी, की आपण खाल्लेल्या अन्नातलं जे काही विषारी असतं ते यकृत गाळतं. वळसा घातलेलं रक्त न गाळताच डोक्यापर्यंत पोचतं. गाळणी बाजूला ठेवून चहा कपात ओतावा, तसं. हे सरांना पक्कं माहीत होतं. मला माहीत नव्हतं. ज्या वॉर्डाची मी सिस्टर, त्या वॉर्डात जे ऑपरेशन होतं, त्याने पुढे माणसाच्या डोक्याचं काय होऊ शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांना प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा, ही शिकवण आम्हाला ट्रेनिंगमध्ये मार्कांसकट मिळाली होती.

गुरुजी आले ते बैलगाडी, मग एसटी, मग रिक्षा असं करत. पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते. वय तिशीचं, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून डावी कूस फुगलेली, अंगात रक्त म्हणून नाही. तिसऱ्यांदा ओकले होते. सोबत बायको, जेमतेम पंचवीसची, ठेंगणी, हिंडण्याफिरण्यात भलती चपळ. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याला कोणती गोळी किती वाजता दिली हे तिला माझ्या चार्टाहून जास्त नीट आठवायचं. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "बाई, वाचतीन ना?" मी म्हणाले, "आमचे सर आहेत, तू घाबरू नको वं."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. गुरुजी वाचले. बाराव्या दिवशी ते खाटेवर बसून वॉर्डातल्या पेशंटांची पत्रं लिहून देऊ लागले. अक्षर असं की वाचणाऱ्याने पत्र जपून ठेवावं. सर विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि म्हणाले, ही पाहा, यशस्वी केस. गुरुजींनी हात जोडले. मलाही तेव्हा अभिमान वाटला होता, तो आता आठवला की लाज वाटते.

घरी सोडताना पेशंटच्या माणसाला चार गोष्टी सांगणं हे माझं काम. सगळ्यांना एकच सांगायचे. हर्नियावाल्याला तेच, अपेंडिक्सवाल्याला तेच. उचलली जीभ लावली टाळ्याला. "जड उचलू देऊ नको, टाक्यांवर पाणी नको, अन् चांगलं खाऊ घाल. अंगात ताकद भरली पाहिजे. अंडं दे, दूध दे, बोकडाच्या पायाचं सूप दे, गावरान कोंबडी भेटते ना तुमच्याकडे? अन् तुरीचं वरण घट्ट." ती एकेक शब्द ओठात पुटपुटत पाठ करत होती. मग मी तिच्या हातात डिस्चार्ज कार्ड दिलं. घडी केलेलं, डॉक्टरांच्या अक्षरातलं, इंग्रजी. मी ते उघडून पाहिलं नाही. कार्ड लिहायचं डॉक्टरने आणि द्यायचं सिस्टरने, वाचायचं कोणी हे कधी ठरलंच नव्हतं.

पुढे सरांना एका परिषदेत पेपर वाचायचा होता. वळसा जोडलेले पेशंट कसे आहेत हे कळावं म्हणून त्यांनी जवाबी पोस्टकार्डं छापून घेतली. त्यावर तीन प्रश्न. रक्ताची उलटी झाली का? जखम वाहते का? ताप येतो का? पेशंटने हो किंवा नाही लिहायचं आणि कार्ड पेटीत टाकायचं. येतील तशी ती रजिस्टरात चढवणं माझ्याकडे होतं. गुरुजींचं कार्ड आलं. तिन्ही प्रश्नांपुढे 'नाही'. मी त्यांच्या नावापुढे 'उत्तम' लिहिलं, कारण तीन 'नाही' म्हणजे उत्तम असं सरांनी ठरवून दिलं होतं. ते तीन 'नाही' एका ओळीत नव्हते. शेवटचा तर कार्डाच्या काठावरून खाली घसरला होता, आणि काना कुठे, मात्रा कुठे. ते अक्षर मी ओळखायला हवं होतं. मी म्हटलं, गाडीत बसून लिहिलं असेल.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं असेल. दुपारी बाराच्या सुमारास वॉर्डाच्या दारात गलका झाला. पाहते तर ठेंगणी बाई आणि तिच्या पदराने मनगट बांधलेला एक माणूस. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने कागदावर मेंटल हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला होता. तो कागद चुरगाळून ती थेट माझ्याकडे आली होती. गुरुजींनी मला ओळखलं नाही. ते वॉर्डाच्या भिंतीला फळा समजून त्यावर बोटाने काहीतरी लिहीत होते.

"बाई, ह्याईले पागलखान्यात नेऊन राहिले थे लोक," ती म्हणाली. "हे पागल नाहीत. कधी राहतात असे, कधी चांगले राहतात. जो माणूस कधी कधी चांगला राहते तो पागल कसा?"

मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिने कमरेचा कागद काढून माझ्यापुढे धरला. तो जिल्हा परिषदेचा होता. शिक्षकाचं वर्तन ठीक नाही, गावकऱ्यांची तक्रार आली आहे, पंधरा दिवसांत सरकारी इस्पितळातून कामास लायक असल्याचा दाखला आणावा, नाहीतर सेवेतून कमी करण्यात येईल. त्यातले आठ दिवस संपले होते. घरात दोन लेकरं, शेती नाही. गुरुजींची शाळा हेच त्यांचं सगळं होतं, आणि आता ते माझ्या बाकावर पडलं होतं.

मग तिने सांगितलं ते मी आजही शब्दन् शब्द सांगू शकते.

घरी गेल्यावर तिने मी सांगितलं तसंच केलं. गुरुजींचा जीव वाचला म्हणून गावही आनंदात होतं. गावाने पाळी लावली. आज या घरचं अंडं, उद्या त्या घरचं. शाळेची पोरं दप्तरातून अंडी आणायची. पेंचच्या पाण्यातली मासोळी मिळाली की पहिली गुरुजींच्या घरी. तिने स्वतःच्या कोंबड्या एकेक करून कापल्या. दोन-तीन महिने बरे गेले. मग गुरुजी वर्गात खुर्चीत झोपायला लागले. चालता बोलता मधेच थांबायचे. एकदा त्यांनी पाण्याच्या माठात चपला ठेवल्या. फळ्यावरचं अक्षर तिरकं होत होत खाली यायला लागलं. एक दिवस पोरांसमोर शाळेच्या ओट्यावर धोतर सोडून बसले.

"लोकं म्हणत, ऑपरेशननं मेंदू कमजोर झाला. मंग आम्ही आणखीन खाऊ घातलं. मुंडी आणली. बोकडाचा भेजा खाऊ घातला, डोक्याले डोकं लागते म्हणून," ती म्हणाली. "जितकं खाऊ घालू तितकं वाढून राहिलं होतं."

शेवटी दिराने त्यांना कुठल्याशा बाबाच्या ठिकाणी नेलं. तिथला नियम कडक. नऊ दिवस फक्त भाताची पेज आणि गूळपाणी, आणि रोज सकाळी पोट साफ व्हायचा कसला तरी काढा. चौथ्या दिवशी गुरुजी शुद्धीवर आले. नवव्या दिवशी त्यांनी बाबाच्या ओट्यावरचा फलक सुंदर अक्षरात लिहून दिला. बाबाचा जयजयकार झाला. घरी आल्यावर अशक्तपणा गेला पाहिजे म्हणून हिने कोंबडी केली. दोन दिवसांत पुन्हा तेच. असं तीनदा झालं.

मी बाबा-बुवा मानत नाही. आमच्या घरात तसल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत थारा नव्हता. ती 'बाबाच्या कृपेनं' म्हणाली तेव्हा मी तिला दटावणार होते. तोंड उघडलंही होतं. आणि तोंड तसंच राहिलं, कारण मला मागच्या महिन्यातला कुत्रा आठवला.

सरांनी एका कुत्र्याच्या पोटात हीच शीर जोडली होती. यकृत बदलायच्या सरावातली ती पहिली पायरी म्हणून. कुत्र्यांचं खाणंपिणं पाहणारा अटेंडंट म्हातारा, मायाळू. ऑपरेशन झालेलं जनावर म्हणून त्याने मटणवाल्याकडून छाटण आणून त्याला पोटभर घातलं. दुसऱ्या दिवशी मी अवजारं मांडायला गेले तर कुत्रा पिंजऱ्यात गोल गोल फिरत भिंतीवर डोकं आपटत होता. सर अटेंडंटवर ओरडले होते. याला मांस द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? मी त्यावर विचार केला नव्हता. कुत्र्याचं कुत्र्यापाशी, असं समजून मी चिमटे मोजत राहिले होते.

मी गुरुजींना बाईच्या स्वाधीन करून तशीच मागच्या इमारतीत गेले. पिंजऱ्यांच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला होता. मोठ्या अक्षरात, मराठीत, लाल पेन्सिलीने: 'ऑपरेशन झालेल्या कुत्र्यास मांस देऊ नये. दूध-भात थोडा थोडा द्यावा.' म्हाताऱ्याला वाचता येत होतं तेवढं सोपं. सरांचंच अक्षर. परत येऊन मी बाईच्या पिशवीतलं डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं. तिने ते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं, देव्हाऱ्यात ठेवतात तसं. शेवटच्या ओळीत कोपऱ्यात तीन शब्द होते. लो प्रोटीन डाएट. इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात, सहीच्या शेपटाखाली अर्धे दबलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्र्यासाठी मराठीत आणि माणसासाठी इंग्रजीत. कुत्र्याला काय खाऊ घालायचं हे सांगायला सरांना भिंतीपर्यंत जावंसं वाटलं, आणि माझ्याशी, जी रोज सकाळी त्यांच्या मागे मागे राउंडला फिरत होती, हे तीन शब्द बोलावेसे वाटले नाहीत. पण रागाला दोन तोंडं असतात. ते कार्ड मी माझ्या हाताने दिलं होतं. मी ते उघडलं असतं तर मला वाचता आलं असतं. कोंबडी गावरान असावी हेसुद्धा मीच सांगितलं होतं.

सर त्यांच्या खोलीत होते. मी दार न वाजवता गेले. आयुष्यात पहिल्यांदा. सगळं सांगितलं, कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते आरडाओरडा करणारे नव्हते, कुत्र्याच्या वेळी ओरडले तेवढेच. "शक्य आहे," ते म्हणाले. "वळशानंतर काहींना होतं. भरती करून घ्या." बाबाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना हसू आलं. मला त्या हसण्याचा संताप आला. तो बाबा काही न कळता माणसाला बरा करत होता आणि आम्ही सगळं कळून त्याला वेडा करत होतो, यात हसण्यासारखं काय होतं?

"सर, आपण तिला सांगितलंच नव्हतं," मी म्हणाले.

"कार्डावर लिहिलंय, सिस्टर. आणि मी राउंडला बोललोही होतो. तुम्ही तिथे होतात."

ते बोलले होते का? अजून मला ठाऊक नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ते शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत पुष्कळ काही बोलत. त्यात हेही असेल. मी तेव्हा बेडपॅन कोणी उचललं नाही म्हणून आयाला शोधत असेन. नाही म्हणायला माझ्यापाशी पुरावा नव्हता, हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असणार.

गुरुजींना कोपऱ्यातली खाट दिली. सरांनी त्यांना हात पुढे करायला लावले तेव्हा पंजे आपोआप खाली-वर फडफडत होते. तोंडाला एक गोडसर, कुजका वास होता. एनिमा दिला, जुलाबाचं औषध आणि गोळ्या सुरू केल्या. खायला पेज, साखरपाणी, केळं. म्हणजे थोडंफार बाबाचंच. माझ्या ड्युटीत त्यांच्या ताटात काय जातं ते मी स्वतः पाहायचे. रोज सकाळी मी त्यांना पाटी द्यायचे आणि नाव लिहायला सांगायचे. पहिल्या दिवशी नुसत्या रेघोट्या. दुसऱ्या दिवशी अर्धं नाव. चौथ्या दिवशी त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, शाळा लिहिली आणि पाटी माझ्याकडे देऊन विचारलं, "सिस्टर, आज तारीख कोणती? शाळा चालू आहे का बंद?"

बायको पायथ्याशी बसली होती. ती उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यात तोंडात पदर कोंबून रडली. मग गुरुजींनी मला हळूच विचारलं, मी वर्गात काय काय केलं ते तुम्हाला हिने सांगितलं का? मी म्हणाले, नाही. त्यांनी मान वळवून घेतली, त्यांना खोटं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर विद्यार्थ्यांची फौज घेऊन आले. पाटी दाखवली, हात दाखवले, पाहा किती सुंदर पूर्ववत होतं हे. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या वेडेपणाला सर सुंदर म्हणत होते, आणि पाटीकडे पाहून सगळे माना डोलवत होते. राउंड संपल्यावर मी सरांच्या खोलीत जाऊन त्यांना दाखल्याची आठवण करून दिली. पंधरातले दोनच दिवस उरले होते.

"देतो ना," ते म्हणाले आणि त्यांनी लिहिलंही लगेच. मी खांद्यावरून वाचलं. हो, आता मी वाचायला शिकले होते. सदर शिक्षक मनोरुग्ण नाहीत. शस्त्रक्रियेनंतर सांगितलेलं पथ्य न पाळल्यामुळे त्यांना तात्पुरता भ्रम झाला होता. पथ्य पाळल्यास काम करण्यास लायक आहेत. तो कागद त्यांनी मला दिला नाही. पेपरवेटखाली ठेवला आणि जुना, दीड वर्षापूर्वीचा केसपेपर पुढे सरकवला.

"यात डिस्चार्जच्या दिवशीची तुमची नोंद राहून गेलीय. 'आहाराचं पथ्य पत्नीस समजावून सांगितलं.' तेवढं लिहून सही करा. उद्या जिल्हा परिषदेने विचारलं तर केसपेपर आणि दाखला जुळायला हवेत."

"मी असं सांगितलं नव्हतं, सर. मी उलटं सांगितलं होतं."

"मग तसं लिहायचंय का?" त्यांनी विचारलं. आवाज मऊ. "तसं लिहिलंत तर चौकशी होईल. चौकशी संपेपर्यंत दाखला देता येणार नाही. ठरवा तुम्ही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या टेबलाशी उभं राहून पाहिलं. सरांचा पेपर आठ दिवसांवर आला होता. त्यात गुरुजी 'उत्तम' मध्ये राहायला हवे होते किंवा बायकोच्या चुकीमुळे बिघडलेले. ऑपरेशनमुळे बिघडलेले, किंवा आमच्या तोंडामुळे, असा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता. पुढे तो पेपर वाचला गेला, टाळ्या पडल्या, छापूनही आला. त्यात एका रुग्णाविषयी एक वाक्य आहे, पथ्य न पाळल्याने लक्षणं उद्भवली. ते वाक्य म्हणजे ती बाई. सर वाईट माणूस होते असं मी म्हणत नाही. त्यांच्या हाताने वाचलेले लोक मी पाहिलेत. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाचा राग एकदा काढून टाकता येतो.

मी सही न करता वॉर्डात आले आणि तिला व्हरांड्यात बोलावलं. खोटं सांगायचं नाही एवढं ठरवलं होतं. तिला सांगितलं, की अंडी, मटण, वरण यांनीच त्यांचं डोकं फिरत होतं. कार्डावर ते देऊ नका असं लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही आणि तुला उलटं सांगितलं. आता कागदावर असं लिहितात की आम्ही सांगितलं होतं आणि तूच पथ्य पाळलं नाहीस. मी सही केली तर दाखला मिळतो. नाही केली तर खरं काय ते राहतं, पण दाखला मिळत नाही.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे माह्याच हातानं," ती म्हणाली. "भेजा बी मीच रांधला होता. हे नाही म्हणत होते. मी तोंडात घातला त्याईच्या."

"तुझी चूक नाही वं. माझी आहे."

"तुमची असन," ती म्हणाली. "पण खाऊ मी घालून राहिली होती." मग पदर खोचून ती उभी राहिली. "करा सही. लिहू द्या त्याईले माह्या नावानं. मले गावात कोणी नोकरीवरून काढणार आहे का? ह्याईची शाळा राहिली पाहिजे."

मी जाऊन सही केली. नोंद लिहिली, जुनी तारीख घातली, झोकात सही केली. हात जरासुद्धा अडखळला नाही, इतकी वर्षं सह्या करायची सवय. सरांनी पेपरवेट उचलला आणि दाखला दिला.

निघायच्या वेळी ती पिशवी भरत होती. मी जवळ जाऊन सांगायला लागले, "आता नीट ऐक. मटण-अंडं बंद, वरण पळीभर..." तिने हात वर करून मला थांबवलं.

"तोंडी नको, बाई. लिहून द्या."

गुरुजींच्या वहीचं पान तिने फाडून दिलं. मी उभ्या उभ्या लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. काय द्यायचं, काय नाही, पोट साफ राहिलं पाहिजे, दिवसा झोप आणि रात्री जाग असं झालं किंवा अक्षर तिरकं झालं की लगेच आणायचं. तिने कागद नवऱ्याकडे दिला आणि म्हणाली, "वाचा." त्यांनी वर्गात वाचतात तसं स्वच्छ वाचून दाखवलं. ती एकेक वस्तू बोटावर धरत गेली. वाचून संपल्यावर तिने विचारलं, "खाली सही आहे का बाईची?"

गुरुजींनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते म्हणाले, "नाही."

तिने कागद माझ्यापुढे धरला. मी सही करेपर्यंत ती माझ्या हाताकडे पाहत होती. वाचता येत नसलं तरी सही होते आहे की नाही एवढं तिला कळत होतं. मग तिने तो घडी करून पोलक्यात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, गाडी सुटन." गुरुजींनी हात जोडले. तिने जोडले नाहीत.